पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी नसते

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलीच कादंबरी लिहून झाली आहे. रायगडच्या किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत एक काल्पनिक बेट, तिथे वाढलेल्या पाच तरुण मुली आणि बेटालगतच्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर, देवीचं ठाणं. वाचून पाहणाऱ्या दोघांनी सांगितलं की भाषा छान आहे, वातावरण आहे, पण आत शिरता येत नाही. तर गूढ कमी पडतंय का, अजून काही घालावं का? सोबत पहिली तीन प्रकरणं आणि पुढच्या कथानकाचा सारांश.

प्रकरणं दोनदा वाचली. गूढ कमी नाही, भरपूर आहे. कमी आहे ते पाणी, सरपण आणि होडीचं भाडं.

चेष्टा करत नाही. हस्तलिखितं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यात बेटावरच्या, अरण्यातल्या, वाड्यातल्या गूढकथा शेकड्याने आल्या आणि बहुतेक एकाच जागी अडखळल्या. लेखकाला देवी दिसलेली असते, पण देवीला नैवेद्य शिजवायला लाकडं कुठून आली ते त्याने पाहिलेलं नसतं. वाचकाला नेमका तोच धूर आधी दिसायला हवा असतो.

तुमचंच दुसरं प्रकरण घ्या. पौर्णिमेच्या मध्यरात्री समुद्र मागे सरतो आणि पाचही जणी उघड्या पडलेल्या खडपावरून चालत देवीकडे जातात. चांदणं, ओले कातळ, पायाखाली शेवाळ, एकीच्या टाचेत घुसलेलं कालवाचं शिंपलं. वाक्यं चांगली आहेत, कालव तर फारच चांगलं आहे. पण आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी नसते. तेव्हा भरती टिपेला असते आणि तीही उधाणाची. तुमच्या मुली पहिल्या पाच पावलांत गळ्याइतक्या पाण्यात असतील.

किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. अशी भरती दिवसातून दोनदा आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण सहा तासांचा फरक काही पडत नाही. म्हणजे पौर्णिमेला पाणी खरं मागे जातं ते सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. मध्यरात्रीच ओहोटी हवी असेल तर अष्टमी गाठावी लागेल. पण अष्टमीला पाणी भांगाचं, ते मुळातच धड चढत नाही आणि धड उतरत नाही, त्यामुळे खडप उघडा पडायचाच नाही. उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. तेव्हा बेट काल्पनिक असलं तरी ते रायगडसमोर आहे, सिंधुदुर्गसमोर नाही, हे लक्षात असू द्या. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेला असाल तर परतीची वेळ चुकलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिलाच असेल.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: "कादंबरी माझी, समुद्रही माझाच." कबूल. पण समजा पहिली पन्नास पानं पाऊणपटीचा हिशेब एकदाही चुकलेला नाही. म्हातारे त्यावर होड्या लोटताहेत, बायका त्यावर कालवं फोडायला जाताहेत, एकीचा बाप त्याच हिशेबात चुकून बुडालेला आहे. आणि मग एका पौर्णिमेला, मध्यरात्री, पाणी मागे गेलं. आता वाचकाच्या अंगावर काटा येईल, कारण असं होत नसतं हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असेल. सध्याच्या मसुद्यात किनाऱ्यावरच्या वाचकाला ही चूक वाटते आणि पुण्या-नागपुरातल्या वाचकाला काहीच वाटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, म्हणजे पिण्याच्या पाण्याची. तुमच्या बेटावर एक विहीर आहे आणि ती "अथांग" आहे. लहान बेटावरची विहीर अथांग नसते. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत असतं. जास्त उपसलं की खालून खारं वर येतं आणि विहीर मचूळ होते. मे महिन्यात बेटावरची बाई घागर भरून आधी एक घोट चाखून बघते. या एका घोटात तुमच्या तीन पानांच्या वर्णनाहून जास्त गूढ आहे. मालवणसमोरच्या सिंधुदुर्गात, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ही नावं कुणा कवीने ठेवली असतील असं मला वाटत नाही. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडा घोट मिळाल्यावर माणसाच्या तोंडून जे निघेल तेच नाव झालं. तुमच्या विहिरीला अजून नाव नाही, ते द्या.

आणि विहीर आली की पुढचा प्रश्न आलाच, पाणी आधी कोण भरणार? तुमच्या सारांशात एक वाक्य आहे: "या बेटावर जात नव्हती." कोकणातलं बेट, त्यावर चाळीस घरं, मोजकं पाणी, आणि जात नाही? तुम्हाला निर्मळ जग हवं असेल हे समजतं, पण हे वाक्य वाचून मी तुमच्या बेटावरून उतरले ते परत चढायला वेळ लागला. उलट पाच जणींपैकी एकीची घागर विहिरीवर वेगळी ठेवली जाते आणि देवीचा संचार मात्र नेमका तिच्याच अंगात होतो, असं असतं तर? मग त्या संचाराला बेटावरचे लोक काय म्हणतील, पाया पडतील की नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची घागर कुठे असेल? इथे तुमची कादंबरी आहे असं मला वाटतं. देवीच्या डोळ्यांतल्या निळ्या ज्योतीत नाही.

श्रद्धा आणि हिशेब एकमेकांत किती मुरलेले असतात याचं माझं लाडकं उदाहरण जपानमधलं आहे. ओकिनावाच्या आग्नेयेला कुदाका नावाचं चिंचोळं बेट आहे. तिथे धर्मकार्य बायकांकडे. बहिणीच्या अंगी भावाचं रक्षण करण्याची शक्ती असते ही त्या साऱ्या द्वीपसमूहातली जुनी समजूत. दर बारा वर्षांनी, तिथल्या कालचक्रातल्या अश्ववर्षात, 'इझाइहो' नावाचा विधी व्हायचा. बेटावर जन्मलेल्या, तीस ते एकेचाळीस वयाच्या बायका त्यातून देवकार्याच्या अधिकारी व्हायच्या. चार दिवसांचा विधी, पांढरी वस्त्रं, मोकळे सोडलेले केस. देवस्थानाच्या दाराशी जमिनीवरच मांडलेला एक लहानसा पूल असे, तो धावत ओलांडायचा. ज्या बाईचं वागणं शुद्ध नसेल ती त्यावरून पडते अशी समजूत. जमिनीवर टेकलेल्या पुलावरून पडण्याची भीती! एवढं एक चित्र मिळालं तर आपल्याकडचा लेखक त्यावर शंभर पानं धुकं पसरेल. शेवटचा इझाइहो 1978 साली झाला. 1990 चं अश्ववर्ष आलं तेव्हा विधी झाला नाही. शाप नाही, प्रलय नाही. बेटावर त्या वयाच्या, त्या अटीत बसणाऱ्या बायकाच उरल्या नव्हत्या. मुली शिकायला, कामाला बाहेर गेल्या, लग्नं बाहेर झाली.

आता हे तुमच्या सारांशाशेजारी ठेवून बघा. तुमच्याकडे देवीचा विधी बंद पडतो कारण "अंधाराच्या शक्ती" जाग्या होतात. कुदाकात विधी बंद पडला कारण मोजणी पुरी पडेना. यातलं भीतीदायक कोणतं? तुमच्या पाच जणींतली एक पनवेलला नर्सिंगला जायचं म्हणते आहे, ते तुम्ही अर्ध्या परिच्छेदात उरकलंत. विधीला पाचच जणी लागतात असं एकदा ठरवा, मग तिचा प्रवेशअर्ज म्हणजे बेटावरचं संकट होईल. अंधाराच्या शक्ती आपोआप गळून पडतील.

जलपरीही गळू द्या. चौथ्या प्रकरणात शेपटीची, लांब सोनेरी केसांची कुणीतरी येणार असल्याचं सारांशात दिसतं. ती कुठून पोहत आली हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. आपल्या पाणवठ्यांवर साती आसरा आधीपासून बसलेल्या आहेत. सात तरुणी, पाण्यातल्या, एकमेकींना सोडून न राहणाऱ्या. त्यांना चेहरा नाही, नुसते सात तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड, शेंदूर, हिरव्या बांगड्या, ओटी. जवळपास म्हसोबा, तो त्यांचा भाऊ. पाण्यात कुणी गेलं की आसरांनी ओढलं म्हणतात. कादंबरी तरुण मुलींची, पाण्याची, न सुटणाऱ्या बहिणावळ्याची, आणि तुम्ही हे सोडून परदेशी शेपटी शोधता? तुमच्या मुली पाच आहेत, तांदळे सात. दोन जागा रिकाम्या. मी लिहीत असते तर त्या रिकाम्या जागांबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलले नसते, फक्त दर सणाला ओट्या मात्र सातच भरल्या असत्या.

शब्दांचंही तसंच. "दैवी ऊर्जा", "कंपनं", "आभा" हे शब्द काढा, ते शहरातल्या शिबिरांतले आहेत. बेटावरची माणसं म्हणतात अंगात आलं, वारं आलं, बाधा झाली, चकवा लागला. कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. कौल लावण्याचं एकच दृश्य नीट लिहा: देवाच्या अंगावर ओल्या चिकटवलेल्या कळ्या, उजवी पडते की डावी, माणसं श्वास रोखून बसलेली, आणि गुरवाला मधेच आलेली शिंक. ती शिंक महत्त्वाची. त्याशिवाय ते दृश्य कॅलेंडरवरचं चित्र होतं.

मग मुली. तिसरं प्रकरण संपलं तरी मला पाच जणी वेगळ्या ओळखता येत नाहीत. एक हसरी, एक अबोल, एक बंडखोर, एक हळवी आणि एक जिला स्वप्नं पडतात, ही माणसं नाहीत, ही विशेषणं आहेत. त्यांना काम द्या. कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या पाणबुड्या बायका आहेत. हवेची नळकांडी न वापरता, रोखलेल्या श्वासावर दहा-दहा मीटर खाली जाऊन शंखशिंपले, समुद्री वनस्पती काढतात. युनेस्कोने 2016 मध्ये त्यांच्या या परंपरेची जागतिक यादीत नोंद केली. त्यांच्यात कौशल्यावरून तीन पायऱ्या असतात आणि किनाऱ्यावर दगडांची गोल भिंत रचून केलेला आडोसा असतो, 'बुलतोक'. मधे जाळ, भोवती कपडे बदलणाऱ्या, अंग शेकणाऱ्या, भांडणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या बायका. कुणी कुठे बसायचं ते मानाप्रमाणे ठरलेलं. पाण्यावर आल्यावर त्या श्वास सोडतात त्याची शिट्टीसारखी लकेर उठते, तिलाही त्यांच्या भाषेत नाव आहे, सुम्बिसोरी. मला यातली विस्तवाभोवतीची जागा फार आवडते. धूर कुणाच्या डोळ्यांत जातो एवढ्यावरून पाच बायका वेगळ्या होतात. स्वभाववर्णनाचं एक वाक्य लागत नाही.

हेन्यो उचलून रायगडात आणू नका. तुमच्याकडे कालवं फोडणं आहे, सुकट वाळवणं आहे, आगोटीच्या आधी पावसाळ्याची बेगमी करणं आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होडी येत नाही. ते दोन महिने तुमच्या हस्तलिखितात एका ओळीत संपतात: "पावसाळा गेला." बेटावरची कादंबरी आणि पावसाळा गेला! खरं बेट तेव्हाच बेट असतं. मिठाचं मडकं पाझरतंय, पेटवायला कोरडं काही नाही, एकीची पाळी चुकली आहे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत डॉक्टर नाही. माझं मत विचाराल तर अख्खी कादंबरी त्या दोन महिन्यांत बसवा. बाकीचे दहा महिने आठवणीत येऊ द्यात.

आता निवेदन. तुम्ही पाच जणींचं मिळून "आम्ही" वापरलंय, ते मला पहिल्या पानापासून आवडलं. पण त्याचा पुरता उपयोग करून घेतलेला नाही. मराठीत बाई एकटी बोलली की "मी गेले" म्हणते, तिथे तिचं बाईपण क्रियापदातच आहे. पण पाच जणी मिळून बोलल्या की "आम्ही गेलो". पुरुषांचा घोळका जे म्हणेल तेच. घोळक्यात शिरताक्षणी क्रियापदातली बाई नाहीशी होते. तुमच्या कथेत एकेक मुलगी घोळक्यातून फुटते, तेव्हा "गेलो"चं "गेले" होताना वाचकाला ऐकू आलं पाहिजे. ते वाक्य परिच्छेदाच्या पोटात पुरू नका.

शिवाय आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. "आम्ही देवीकडे जातो" म्हणजे तू नाहीस. "आपण देवीकडे जातो" म्हणजे तूही आलीस. मुंबईहून लग्न होऊन आलेली ती सून, तिच्याशी सगळ्या "आम्ही" वापरतात. कुणीतरी तिला पहिल्यांदा "आपण" म्हणेल तो क्षण कुठे आहे? मी शोधला, सापडला नाही. त्या एका सर्वनामाने बेटाचं दार उघडतं आणि माझी शंका अशी की तिच्यासाठी ते बंदही होतं, कारण त्यानंतर तिला परत जाता येत नाही.

बोलीबद्दल फार नाही सांगत. निवेदन प्रमाणभाषेत, संवाद आगरी-कोळी वळणाचे, हे चालेल. पण संवाद त्या भागातल्या एखाद्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या. ती जिथे हसेल तिथे खूण करा आणि ती जिथे गप्प होईल तिथेही करा. तीन-तीन शब्दांआड कंसात अर्थ देत बसू नका, वाचक तेवढा मठ्ठ नाही.

आजी. बेटावरच्या प्रत्येक हस्तलिखितात एक आजी असते, तिला सगळं ठाऊक असतं आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती बाज टाकून वीस पानं सगळं सांगते. सारांशावरून दिसतं की तुमचीही तेच करते. ती वीस पानं काढा. आजी राहू दे, तिला ऐकू कमी येऊ दे, तिला पाचांपैकी दोघींची नावं सारखी चुकू देत. आणि तिला जे माहीत आहे ते चुकीचं असण्याची शक्यता खुली ठेवा. गूढ उलगडून सांगायचं की नाही यावर लोक तावातावाने बोलतात. मी एवढंच बघते की लेखकाला स्वतःला माहीत आहे का. तुम्ही एका कागदावर साध्या भाषेत लिहून काढा, त्या खडपावर नक्की काय आहे, त्याला काय हवं असतं, ते काय घेतं आणि काय देत नाही. मग तो कागद कादंबरीत घालू नका. तुमच्या मसुद्यात देवी पहिल्या प्रकरणात भाकीत करते, दुसऱ्यात ताप बरा करते, तिसऱ्यात वादळ थांबवते. जिला सगळंच जमतं तिची भीती वाटत नाही.

प्रास्ताविक सोळा पानांचं आहे, त्यात बेटाचा चारशे वर्षांचा इतिहास आहे. तो तुम्हाला लागला, वाचकाला लागणार नाही. त्यातला फक्त विहीर खणतानाचा प्रसंग ठेवा.

दुसरं प्रकरण मात्र फेकू नका, कारण भरतीच्या चुकीतच त्याची दुरुस्ती आहे. मुलींना कुणीतरी सांगितलंय की पौर्णिमेच्या रात्री जायचं. त्या बाराला उतरतात तर समोर उधाण, लाटा धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेल्या. परत घरी गेलं तर दार वाजेल, आवाज होईल, त्यामुळे परतही जाता येत नाही. थांबणं आलं. पाच जणी, दोन घोंगड्या, एकीने पदरात बांधून आणलेले पोहे. पाणी एक-एक पायरी सोडत जातं आणि त्या पायऱ्या मोजत बसतात. त्या सहा तासांत त्यांनी एकमेकींना काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं, कुणाला झोप लागली, कुणी रडलं, हे तुमचं प्रकरण. मग सहाच्या सुमाराला खडप उघडा पडतो तेव्हा पश्चिमेला, समुद्रावर, पौर्णिमेचा चंद्र मावळतो आहे आणि पाठीमागे सह्याद्रीवर उजाडतंय. दोन्ही एकाच वेळी. हे तुम्हाला रचायचं नाही, ते तिथे दर पौर्णिमेला होतं. टाचेतलं कालव तेव्हा घुसू दे. आणि मुली खडपाच्या मध्यावर पोचतात तेव्हा धक्क्यावर पाणी भरायला निघालेली पहिली बाई येऊन उभी राहिलेली असू दे, रिकामी घागर कमरेवर घेऊन, काहीही न बोलता.